फेलिसिटीची वही

ख्रिस्ती संतांवर आपल्या अंकात लेख कशाला, असं दोघा-तिघांनी आधीच विचारून झालंय. प्रश्न रास्त आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. देव सोडले, अवतार सोडले, गंडेदोरे सोडले. मग जिथं सिंह पायाशी लोळण घेतो अन् आग अंगाला लागत नाही, अशी चरित्रं आपण कशासाठी वाचायची?

मी ती चमत्कारासाठी वाचली नाहीत. त्यांत गुलाम आहेत म्हणून वाचली. पाळी सुटल्यावर, मांडीवर डिक्शनरी ठेवून, अडखळत वाचली. रोमच्या साम्राज्यात ख्रिस्ती होणं हा पहिली तीनशे वर्षं कधीही जिवावर बेतणारा गुन्हा होता. त्या काळात जे मारले गेले त्यांच्या हकिगती त्यांच्या मंडळींनी लिहून ठेवल्या, गावोगाव पाठवल्या, दरवर्षी त्या दिवशी मोठ्यानं वाचल्या. म्हंजे आपण शहीद दिन पाळतो तसंच. वाचताना मी एकच गोष्ट बघत होतो, लेखणी कुणाच्या हातात आहे.

ही चरित्रं मराठीला परकी नाहीत, हे आधी सांगतो. १६१६ साली गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, लिपी रोमन, भाषा मराठी. पाठोपाठ १६२९ साली एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच पाद्र्यानं संत पीटरचं चरित्र ओवीत छापलं. पीटर पुराण म्हणून ते ओळखलं जातं. आता पीटर कोण? गालीलच्या सरोवरात जाळं ओढणारा कोळी. ज्ञानोबाची ओवी एका परदेशी कोळ्याच्या नावानं लिहिली गेली, ही केवढी मोठी गोष्ट! पण पुस्तकाच्या लांबलचक पोर्तुगीज नावातच हेतू सांगून टाकलाय, इकडच्या मूर्तिपूजकांच्या चुका खोडून काढायच्या. देव खोडायचे. ठीक. जात खोडली का? गोव्याच्या ख्रिस्त्यांत बामण बामणच राहिले, चारडो चारडो राहिले, सुदीर सुदीर राहिले. लग्नं जातीत. पीटर पुराणाच्या सहाच वर्षं आधी, १६२३ साली, पोप पंधराव्या ग्रेगरीनं तामिळ मुलखातल्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना जानवं, गंध अन् स्नान ठेवायची परवानगी दिली होती. अंधश्रद्धेनं वापरू नका, एवढी अट. कोळ्याच्या गादीवर बसलेला माणूस जानव्याला परवानगी देतो!

तेव्हा या चरित्रांच्या मुळाशी जाऊन बघावं लागतं. हा झोल नंतर झाला की पहिल्यापासूनच होता?

सन २०३. आफ्रिकेतलं कार्थेज, आजच्या ट्युनिशियात. सात मार्चला तिथल्या आखाड्यात काही ख्रिस्ती तरुणांना जनावरांपुढं सोडलं. त्यांत दोन बाया. एक पर्पेतुआ, बावीसेक वर्षांची, खानदानी घरातली, शिकलेली, अंगावर पितं लेकरू. दुसरी फेलिसिटी, गुलाम. पर्पेतुआनं तुरुंगात स्वतःच्या हातानं टिपण लिहिलं. कोठडीतला अंधार, उकाडा, दूध तटून आल्यावर होणारा जीव, म्हातारा बाप येऊन हातापाया पडतो ते, रात्रीची स्वप्नं. हत्यारं लावलेल्या शिडीचं स्वप्न आहे, मेलेल्या धाकट्या भावाचं आहे. ख्रिस्ती बाईनं लिहिलेलं इतकं जुनं दुसरं लिखाण क्वचितच सापडेल. मी ते तीनदा वाचलं. खरं सांगतो, धर्माबिर्माची गोष्ट बाजूला ठेवली तरी ते पान जिवंत आहे. बापाला नाही म्हणणारी पोर कागदावरून आपल्याकडं बघते.

चौथ्यांदा वाचताना मात्र खटकलं. या टिपणात फेलिसिटी कुठाय?

ती नाही. एका गटात पकडल्या गेल्या, एकाच खटल्यात अडकल्या, एकाच आखाड्यात मेल्या. पण पर्पेतुआच्या स्वतःच्या लिखाणात फेलिसिटीचं नाव एकदाही येत नाही. ती येते ती संपादकाच्या मजकुरात. कुणीतरी पुढं-मागं मजकूर जोडून ते टिपण लोकांपुढं आणलं, त्या जोडलेल्या भागात. तिथंही किती? आठ महिन्यांची गरोदर. गरोदर बाईला मारायचं नाही असा कायदा, म्हणून तिला काळजी की आपण मागं राहू अन् पुढं कधीतरी परक्या गुन्हेगारांबरोबर मरू. सोबत्यांनी प्रार्थना केली, आठव्याच महिन्यात कळा आल्या. ती कण्हत होती तेव्हा पहारेकरी हसला, आताच एवढी ओरडतेस, जनावरांपुढं काय करशील? तिनं त्याला जवाब दिला. आत्ता जे सोसते ते मी एकटी सोसते, तिथं दुसरा कुणीतरी माझ्या आत राहून माझ्यासाठी सोसेल, अशा अर्थाचं ती बोलली. बस्. फेलिसिटीच्या तोंडचं एवढंच. मुलगी झाली, ती एका बाईनं वाढवली. मुलीचं नाव दिलेलं नाही, त्या बाईचंही नाही.

आता मौज बघा. नंतरच्या सांगण्या-लिहिण्यात फेलिसिटी ही पर्पेतुआची दासी होऊन बसली. मालकीण आणि तिची इमानी मोलकरीण, दोघी हातात हात घालून स्वर्गात. मूळ मजकुरात असं काही नाही. तिथं फक्त एवढंच म्हटलंय की रेव्होकातुस नावाचा एक गुलाम होता आणि फेलिसिटी त्याची सोबतीण गुलाम होती. म्हंजे तिचं नातं लावलंय ते दुसऱ्या गुलामाशी. पुढच्या लोकांना ते रुचलं नाही. गुलाम बाई आहे म्हटल्यावर तिला मालकीण पाहिजे, अन् गोष्टीत खानदानी बाई आहेच, द्या जोडून. हा खेळ आपल्याला नवा नाही. आपला माणूस मोठा झाला की त्याचा गुरू, त्याचा पोशिंदा, त्याचा उपकारकर्ता वरच्या आळीतून शोधून आणतातच.

तिचं नाव सुद्धा बघा. फेलिसिटी म्हंजे भाग्य, सुख. गुलामाला मालक अशी नावं ठेवायचे. आपल्याकडं उलटी रीत, मनूनं शूद्राचं नाव निंदाजनक ठेवायला सांगितलं, म्हणून धोंड्या, दगड्या, कचऱ्या. त्यांनी गुलामाला भाग्यवती म्हणून बाजारात विकलं, यांनी कचऱ्या म्हणून गावाबाहेर ठेवलं. दोनशे वर्षांनी त्याच आफ्रिकेतला मोठा बिशप ऑगस्टीन या दोघींच्या स्मृतिदिनी प्रवचन देताना दोन्ही नावं जोडून कोटी करायचा. पर्पेतुआ म्हंजे कायमची, फेलिसिटी म्हंजे सुख, दोन्ही मिळून चिरंतन सुख. कोटी चांगली आहे. पण बाई शब्दात विरघळली.

एक जागा मात्र मी कापू देणार नाही. आखाड्यात दोघींना जाळ्यात गुंडाळून आणलं तेव्हा बाळंतिणीच्या अंगातून दूध गळत होतं. बघ्यांनाही ते सोसवेना, म्हणून त्यांना परत नेऊन कपडे घातले. पिसाळलेल्या गाईनं दोघींना उडवलं. पर्पेतुआ उठली, फेलिसिटी पडलेली होती, तिनं हात देऊन तिला उभी केली आणि दोघी एकमेकींच्या बाजूला उभ्या राहिल्या. ज्यानं कुणी हे लिहिलं त्यानं ते क्षणभराचं शेजारी उभं राहणं डोळ्यांत साठवलं होतं. तेवढ्यासाठी त्याला जयभीम.

त्याच्या आधी २६ वर्षं, १७७ साली, फ्रान्समधल्या ल्यों शहरात ब्लांदिना मारली गेली. ही हकिगत वेगळी लिहिलीय. मंडळीनं पाठवलेलं पत्र पुढं युसेबियसच्या इतिहासात उतरलं म्हणून वाचलं. ब्लांदिनाची मालकीणही ख्रिस्ती होती, तीही पकडलेली, आणि तिला भीती वाटत होती की ही किरकोळ अंगाची पोर कबुली देताना टिकायची नाही. पोर टिकली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत छळणारे पाळ्या बदलून दमले. या पत्रात मालकिणीचं नाव नाही, गुलाम पोरीचं आहे. जगाच्या साहित्यात असं किती ठिकाणी घडलं असेल? पत्र लिहिणाऱ्यांनी बुद्ध्या केलं की सहज झालं, कसंही असो, तो एक फटका आहे. ब्लांदिनाला खांबाला टांगलं, शेवटी जाळ्यात घालून बैलापुढं टाकलं. मढी जाळून राख ऱ्होन नदीत सोडली, का तर मागं काही राहू नये.

पण त्याच पत्रात आणखी एक ओळ आहे आणि तिच्यावरून सगळे भराभर पुढं जातात. पकडलेल्यांमध्ये ख्रिस्ती मालकांचे गुलामही होते, जे स्वतः ख्रिस्ती नव्हते. छळ होईल या भीतीनं त्यांनी मालकांविरुद्ध वाट्टेल त्या साक्षी दिल्या, हे लोक माणसाचं मांस खातात वगैरे. पत्र त्यांना सैतानाच्या जाळ्यात सापडलेले म्हणतं. मी त्या गुलामांकडं बघतो. त्यांची नावं नाहीत. ज्यांचा धर्म त्यांचा नव्हता अशा मालकासाठी त्यांनी अंग का पोळून घ्यावं? हुतात्म्यांच्या घरातही गुलाम होते, ही गोष्ट एका ओळीत येते अन् जाते. तसंच सन ११२च्या सुमाराला, आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेला, प्लिनी नावाच्या रोमन सुभेदारानं बादशहाला लिहिलं की खरं काय ते काढायला मी दोन गुलाम बायांचा छळ केला. ख्रिस्ती मंडळीत त्या सेविका होत्या, म्हंजे त्यांना तिथं पद होतं. सुभेदाराला नावं लिहायची गरज वाटली नाही.

गुलाम मोठा झाला तर? कॅलिक्स्टस हा गुलाम होता. मालकानं पेढी चालवायला पैसे दिले, पैसे बुडाले, हा पळाला, पकडला गेला, चक्कीला जुंपला, नंतर सार्डिनियाच्या खाणीत सक्तमजुरीला धाडला. तिथून सुटला तो पुढं २१७च्या सुमाराला रोमचा बिशप झाला, म्हंजे पोपच. हे आपल्याला कुणी सांगितलं? हिप्पोलितस नावाच्या त्याच्या कट्टर वैऱ्यानं, आणि ते सांगितलं त्याची अब्रू काढायला. म्हणून ‘चोर’, ‘भामटा’ अशा सुरातच ते सगळं येतं. रागाच्या भरात हिप्पोलितस एक आरोप करतो, तो ऐका. म्हणे या कॅलिक्स्टसनं खानदानी बायांना गुलामाशी किंवा हलक्या माणसाशी संसार करायला मोकळीक दिली, कायदा मानत नसला तरी मंडळी ते लग्न मानेल म्हणून सांगितलं. बाबासाहेबांनी जातीचं निर्मूलन लिहिताना खरा उपाय कुठला सांगितला? आंतरजातीय लग्न. खाणीतून आलेल्या गुलामाला तिसऱ्या शतकात तो कळला होता, अन् शिकलेल्या पंडिताला तोच व्यभिचार वाटला. पुढं चर्चनं दोघांनाही संत केलं! भांडण मिटवायची ही तऱ्हा आपल्याकडंही आहे, गांधी-आंबेडकर एकाच भिंतीवर, एकाच हारात.

चर्चच्या पंडितांत सगळेच हिप्पोलितस नव्हते. ३८०च्या सुमाराला निस्साचा ग्रेगरी प्रवचनात सरळ विचारतो की माणूस विकत घेणाऱ्यानं किंमत ठरवली ती कशाच्या हिशेबानं, आणि हा हक्क त्याला दिला कुणी. इतकं उघड त्या काळात दुसऱ्या कुणी विचारलेलं माझ्या वाचनात नाही. पण चर्चनं पुढं डोक्यावर घेतला तो ऑगस्टीन. आणि ऑगस्टीन लिहितो की गुलामगिरीचं मूळ पापात आहे, ती देवाच्या न्यायानं आलेली शिक्षा आहे. ओळखीचं वाटतं की नाही? गेल्या जन्मीचं कर्म म्हणा, आदिपाप म्हणा, हिशेब तोच. मालकाच्या चोपडीत बाकी नेहमी गुलामाच्याच नावावर निघते. त्याच माणसानं म्हातारपणी पोरं-बाया पळवून विकणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध पत्र लिहिलं, हेही सांगायला पाहिजे. माणूस कळवळला, सिद्धांत मात्र जागचा हलला नाही.

यांत स्वतःची गुलामी स्वतः लिहिणारा एक सापडला, आयर्लंडचा पॅट्रिक, पाचव्या शतकातला. सोळाव्या वर्षी पळवून नेला, सहा वर्षं दुसऱ्याची जनावरं राखली. घरचा तसा बरा होता, बाप चर्चमध्ये सेवक. पण ती सहा वर्षं त्याच्या भाषेत मुरली. आपलं लॅटिन खडबडीत आहे, शिकलेले हसतील, याची लाज त्याला म्हातारपणापर्यंत आहे आणि तरी तो लिहितो. त्याला दिसलं ते इतरांना दिसलं नाही, की सगळ्यांत जास्त भोगतात त्या गुलामीतल्या बाया. ज्यानं गोठा काढलाय त्यालाच हे सुचतं. शुद्ध लिहिता येत नाही म्हणून कविता लपवून ठेवणाऱ्या आपल्या पोरांनी हा गडी वाचावा.

आता पुण्यात या. १८५५ साली मुक्ता साळवे या मांग पोरीचा निबंध ज्ञानोदयात छापून आला, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, वय चौदाच्या आसपास. ज्ञानोदय हे अमेरिकन मिशनचं पत्र, १८४२पासूनचं. त्यांचा हेतू त्यांच्यापाशी. पण पान त्यांनी दिलं आणि लेखणी पोरीच्या हातात होती. ती काय लिहिते? वेद आम्हाला नाहीत तर मग आम्ही धर्माशिवायची माणसं, असं ती सरळ वरच्यांच्या तोंडावर मारते. आमच्या लोकांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरलं, असं लिहिते. अंगावर छप्पर नाही अशा जागी, थंडी-पावसात आमच्या बाया बाळंत होतात, असं लिहिते. कार्थेजच्या कोठडीतली बाळंतीण संपादकाच्या दयेनं दोन वाक्यं बोलली. पुण्याची पोर सगळी वही स्वतः लिहिते. मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभ सांगताना टिळकांचं नाव घेतात, ख्रिस्तायनाचं घेतात. नारायण वामनांनी ते सुरू केलं, लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, दोघांचा मान मोठा आहे. पण नगर जिल्ह्यातल्या ज्या महार-मांगांनी चर्चची बाकडी भरली, त्यांची चरित्रं कुठल्या कपाटात आहेत? ब्राह्मणाचं धर्मांतर म्हंजे आत्मचरित्र, महाराचं धर्मांतर म्हंजे मिशनच्या अहवालातला आकडा.

बाबासाहेबांना हे पक्कं दिसत होतं. जानेवारी १९३८मध्ये सोलापूरला ख्रिस्ती मंडळींपुढं बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनी आपल्याला ओढून घेतलं, असं ते म्हणाले, आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळतात तेही सुनावलं. पुढं १९५०च्या आदेशानं अनुसूचित जाती म्हंजे हिंदूच असं ठरवलं. त्यात १९५६ साली शीख आले, १९९० साली आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती दलिताला ती दुरुस्ती मिळाली नाही. देवळात महार, चर्चमध्ये महार, अन् सरकारी कागदावर महार नाही.

एवढं वाचून टाळ्या वाजवू नका. आपल्याकडं बघू. थेरीगाथेत पुण्णिका आहे, अनाथपिंडिकाच्या घरची दासी, थंडीत पाणी भरणारी. नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्यानं पाप जात असेल तर बेडूक-कासवं आधी स्वर्गात जातील की! फेलिसिटीला जे मिळालं नाही ते हिला मिळालं, सबंध गाथा तिच्या तोंडची. पण विनयात नियम आहे की गुलामाला संघात घेऊ नये, आधी मालकानं सोडला पाहिजे. हेही आपलंच पुस्तक आहे. ते पान दुमडून ठेवायचं नाही.

आणि चोखोबा. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळली, खाली चोखा गेला. नामदेवानं ढिगाऱ्यातून हाडं वेचली ती कशी, तर ज्या हाडातून विठ्ठल-विठ्ठल ऐकू आलं ती चोख्याची. कीर्तनात इथं डोळे पुसतात. मी विचारतो, बाकीची हाडं? ती भिंत एकटा चोखा बांधत नव्हता. ज्यांच्या हाडांतून नाव आलं नाही ती कुणाची होती, किती होती? आमच्या खडकवासल्याचं धरण १८७९चं. इंग्रजांनी तलावाला कर्नल फाइफचं नाव दिलं होतं. तासलेला दगड न् दगड तिथं अजून दिसतो. तो डोक्यावरून वाहणाऱ्या बायांची यादी कुठल्याच पाटीवर नाही. मस्टर मालकाचं असतं, त्यात हजेरी लागते, माणूस लागत नाही, हे गिरणीत मी रोज बघतो.

म्हणून माझा राग आपल्या शहीद-अंकांवर आहे. आपणही संतचरित्रंच लिहायला लागलोय. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे १९७८ साली नामांतराच्या दंगलीत मारले गेले, त्यांच्या मरणावर आपण दोन पानं भरतो आणि जगण्यावर दोन ओळी. ते कसलं काम करत होते, घरातली बाई नंतर कुणाच्या शेतावर गेली, पोरं कुणी वाढवली? कविता लिहून मोकळं होतो, त्यात रक्त, सूर्य अन् मशाल. मी स्वतः मशालीवर कविता लिहितो, म्हणून मला ठाऊक आहे की मशाल किती स्वस्त पडते. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण मेले. दरवर्षी अभिवादन होतं. दहाच्या दहा नावं एका दमात सांगणारा कार्यकर्ता मला आजवर भेटलेला नाही. त्यांच्या आया, बायका अजून त्या वस्तीत असतील. टेप घेऊन जा, वही घेऊन जा, आणि त्या सांगतील तसं, त्यांच्या बोलीत, शुद्ध न करता उतरवून आणा. पुढच्या अंकाची पानं त्यासाठी मोकळी ठेवावीत असं मी संपादकांना कळवलंय. त्यात माझी कविता गळाली तरी चालेल.

— एक गिरणी कामगार, खडकवासला